गिऱ्हाइकांचे नंबर

देवरुखच्या शैलजा खातूंच्या चकल्यांना दिवाळीत भारी मागणी. यंदा एका जाहिरात कंपनीचे बडे साहेब ऐटीत दारी आले आणि लॅपटॉप उघडून बसले.

"काकू, दिवाळीनिमित्त तुमची ऑनलाइन जाहिरात अगदी फुकट! फक्त तुमच्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर द्या."

अशाच फुकटाला भुललेल्या शेजारणीच्या गिऱ्हाइकांना वर्षभर नको नको ते फोन येत होते, हे शैलजाताईंना ठाऊक होतं. त्या गोड हसल्या.

"मग मीही तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना चकल्या फुकट पाठवते. त्यांचे नंबर द्या की!"

साहेब ताडकन म्हणाले, "छे! लोकांनी विश्वासाने दिलेले नंबर परक्याला कसे देणार?"

"अगदी माझ्या तोंडचं उत्तर दिलंत, साहेब!" शैलजाताई म्हणाल्या.

साहेबांनी लॅपटॉप मिटला आणि ते पायऱ्या उतरले.