उताऱ्याला शीर्षक द्या

विस्तार अधिकारी नाडगौडा साहेब तपासणीला आले, की आमच्या शाळेतल्या खडूंनाही घाम फुटायचा. त्या दिवशी ते सहावीच्या वर्गात शिरले, तर धुमाळ बाई मुलांशी एका गोष्टीवर गप्पा मारत बसलेल्या.

"हा तास आजपासून बंद!" साहेब कडाडले. "परीक्षेत उतारा येतो. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ती ओळ उतरवायची, की गुण पदरात. समजून घेत बसायला वेळ कुणाला आहे?"

बाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागच्या बाकावरची तेजल गव्हाणे उठली. "साहेब, तुम्ही एक उतारा सोडवून दाखवाल?"

साहेब खुशीत हसले. तिने फळ्यावर लिहिलं: 'काल मिंगट्याने ढोपळीत गरफा लुंबवला. त्यामुळे सगळ्या टिवळ्या झिमटल्या.'

"मिंगट्याने गरफा कुठे लुंबवला?"

"ढोपळीत."

"टिवळ्या का झिमटल्या?"

"मिंगट्याने गरफा लुंबवला म्हणून. बघा, पैकीच्या पैकी!"

"आता नेहमीचा शेवटचा प्रश्न, साहेब. उताऱ्याला योग्य शीर्षक द्या."

साहेबांनी फळा पुन्हा पुन्हा वाचला. टिवळ्या आनंदाने झिमटल्या की दुःखाने, तेच कळेना. दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा असलेला मी, शाळेचा शिपाई, मनात म्हणालो, एवढीशी पोर, आणि काय हे डोकं!

"तूच सांग," साहेब हळूच म्हणाले.

"मलाही येत नाही, साहेब. त्यात समजण्यासारखं काही नाहीच. तरी पहिल्या दोन्ही प्रश्नांत तुम्हाला पैकीच्या पैकी मिळाले."

साहेब पुढच्या बाकावर टेकले आणि बाईंना म्हणाले, "त्या गोष्टीत पुढे काय होतं?"