चिमी मुंगी आणि पाचवं बंदर

एक होती भागीरथीआजी. ती एकदा नवस बोलली होती.

तेव्हा दर्यात मोठं वादळ आलं होतं. घोंघों वारा. धडाडधूम लाटा. आजोबांची होडी दिसेना. आजीने किनाऱ्यावर उभं राहून हात जोडले.

"दर्याबाबा, ह्यांना सुखरूप आण. पाच बंदरांच्या मुंग्यांना पोटभर साखर घालीन. नवसाची होडी मागे फिरवणार नाही."

आजोबा आले. ओले चिंब, पण आले.

मग संसार आला, कामं आली. नवस राहून गेला. आता आजोबा थकले. त्यांचं काम सुटलं. आजी म्हणाली, "अहो, आता तरी निघू या."

निघाली होडी. चुबुक चुबुक, चुबुक चुबुक.

पहिलं बंदर माडांचं. आजीने साखर घातली.
दुसरं बंदर जाळ्यांचं. आजीने साखर घातली.
तिसरं बंदर लाल कौलांचं. आजीने साखर घातली.
चौथं बंदर काळ्या दगडांचं. तिथे राहायची चिमी मुंगी. चिमी आणि चिमीची आई.

आजीने पुडीतली साखर दगडावर घातली आणि पुडी बाजूला ठेवली. चिमीने एक कण उचलला. "हा आईला!" आणखी कुठे साखर आहे? चिमी तुरुतुरु पुडीत शिरली.

आजीने पुडी मिटली. झटकली नाही हो! तशीच मिटली आणि कनवटीला खोचली.

होडी निघाली. चुबुक चुबुक, चुबुक चुबुक.

चिमी पुडीतून बाहेर आली. इकडे पाणी. तिकडे पाणी. आई कुठेच नाही. डोक्यावर साखरेचा कण, आणि डोळ्यांत पाणी. टप टप, टप टप.

चिमी गेली होडीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"होडीताई, होडीताई, मागे फिर ना! चिमीला आई दिसेना."
होडी म्हणाली, "मी कशी फिरू? सुकाणू वळलं, तर मी फिरेन."

चिमी रडली. टप टप, टप टप. मग गेली सुकाणूकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"सुकाणूदादा, सुकाणूदादा, वळ ना! होडी फिरेना, चिमीला आई दिसेना."
सुकाणू म्हणालं, "कर्रर्र! मी कसं वळू? आजोबांनी वळवलं, तर मी वळेन."

चिमी रडली. टप टप, टप टप. मग गेली आजोबांकडे. पायावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून हातावर. तुरुतुरु, तुरुतुरु.
"आजोबा, आजोबा, ऐका ना! सुकाणू वळेना, होडी फिरेना, चिमीला आई दिसेना."
आजोबा खोकले. खोक खोक! "पोरी, सुकाणू माझ्या हातात, पण मी आजीच्या हातात! आजी हो म्हणाली, तर मी ऐकेन."
"ऐकू येतंय हो मला!" आजी म्हणाली.

चिमी रडली. टप टप, टप टप. मग गेली आजीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"आजी, आजी, हो म्हण ना! आजोबा ऐकेनात, सुकाणू वळेना, होडी फिरेना, चिमीला आई दिसेना."

आजीचा चेहरा एवढासा झाला.
"अगं बाई! माझ्याच पुडीतून आलीस? पण मी काय करू, बाळा? नवसाची होडी मागे फिरत नाही. नवस मोडला आणि ह्यांना काही झालं, तर? दर्याने नवसातून सोडलं, तर मी हो म्हणेन."

आजीने पदर डोळ्यांना लावला. चिमी रडली. आजीही रडली. टप टप, टप टप.

मग चिमी गेली होडीच्या अगदी काठावर. तुरु... तुरु... खाली दर्या. केवढा मोठा! वर चिमी. केवढीशी!

"दर्याबाबा, दर्याबाबा, सोड ना! आजी हो म्हणेना, आजोबा ऐकेनात, सुकाणू वळेना, होडी फिरेना, चिमीला आई दिसेना."

दर्या हळू आवाजात म्हणाला, "चिमे, आजीने काय कबूल केलं होतं?"
"मुंग्यांना साखर."
"किती?"
"पोटभर."
"मग तू पोटभर खाल्लीस का?"

चिमीने डोक्यावरचा कण चाचपला. होता तसाच होता.
"नाही खाल्ला. हा आईचा आहे. आईशिवाय मला गिळवत नाही."

दर्या म्हणाला, "मग जा, हेच आजीला सांग. होडीत मुंगी उपाशी, मग नवस कसा फिटला?"

चिमी धावली. तुरुतुरु, तुरुतुरु!
"आजी, आजी, मी उपाशी आहे!"

आजीने पुडी पाहिली. चिमीकडे पाहिलं. तिला सगळं कळलं.
"अहो, वळवा! होडी वळवा!"

आजी हो म्हणाली.
आजोबांनी ऐकलं.
सुकाणू वळलं. कर्रर्र!
होडी फिरली. चुबुक चुबुक, चुबुक चुबुक!

आलं काळ्या दगडांचं बंदर. ऊन उतरलं होतं. सगळ्या मुंग्या घरी गेल्या होत्या. धक्क्यावर एकच मुंगी बसली होती. समोर साखर होती. तिने तोंड लावलं नव्हतं.

"आई!"
"चिमे!"

आजीने बोट टेकवलं. चिमी बोटावरून उतरली. डोक्यावरचा कण दोघींनी मध्ये ठेवला. इकडून चिमीने खाल्ला. तिकडून आईने खाल्ला. कुरूम कुरूम, कुरूम कुरूम. चिमीचं पोट भरलं.

आजोबा दमून सुकाणूला टेकले.
"आता पुढे नाही जमायचं गं," आजोबा म्हणाले.
"राहू दे," आजी म्हणाली. "तुम्ही आहात ना."

होडी घरी आली. वाळूवर चढली. पुन्हा पाण्यात गेली नाही.

पाचवं बंदर राहिलं ते राहिलंच. तिथल्या मुंग्यांची साखर पुडीत उरली. आजी दारात बसते. पुडी मांडीवर ठेवते. लांब दर्याकडे बघते. तिचे डोळे भरतात. मग ती हात जोडते आणि म्हणते, "कुणीतरी घालील."

तर बाळा, तू घालशील? एवढं कर. आपल्या दारात चिमूटभर साखर घाल. आपलं दार, तेच आजीचं पाचवं बंदर. आणि पुडी मिटण्याआधी एकदा झटक हं. फट फट! आत कुणाची चिमी राहिली नाही ना, ते बघ.

चिमीला जशी तिची आई दिसली, तशी ज्याला त्याला आपली आई दिसो.