साहेबांकडे पाठ

संग्रहालयात बसून तिथे येणारी माणसं तैलरंगात रंगवायची, हाच कुमुद पांचाळचा उद्योग. नव्या चित्रात तिने भिंतीवरची संचालक घारपुरेसाहेबांची भव्य तसबीर घेतली आणि तसबिरीकडे पाठ करून उभे असलेले वीस प्रेक्षक.

साहेब भडकले. "माझ्याकडे पाठ? उद्यापासून इथे पाऊल टाकायचं नाही!"

कुमुदने शांतपणे ब्रश पुसला. "साहेब, तुम्ही जातीनं समोर उभे असताना तसबिरीकडे कोण कशाला बघेल? सगळे तुमच्याकडेच बघताहेत."

साहेब डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. चाळीसच्या चाळीस डोळे त्यांच्यावरच! स्वारी खूश.

चित्र दालनात लागलं, पण साहेब त्याच्यासमोरून हलेनात. आपण हललो आणि शिपाई आला, तर मंडळी त्याच्याकडे बघतील, ही धास्ती!

हल्ली कुमुद साहेबांनाच रंगवतेय. पाठमोरे.