गोगलगायीचं जिरेनियम

गोष्ट सांग म्हणतात, सांगतो. दुपारी पोरं निजत नाहीत, त्याला मी काय करू? माझेच डोळे मिटायला आलेत. पण सूनबाईंचा हुकूम आहे. ऐका. मधे बोलायचं नाही. आणि चादर ओढू नका.

पाचगणीच्या चढावर एक बाग होती. बागेत एक जिरेनियम होतं. पानं गोल गोल, कडेला झालर. पानाखाली गार सावली. सावलीत एक गोगलगाय झोपायची. एवढीशी. तुझ्या अंगठ्याच्या नखाएवढी.

एक दिवस माळी आला. हातात खुरपं. त्याला वाटलं, सगळं तणच आहे.

खच्! खच्! खच्!

तीन रोपं उपटली आणि फेकली कडेला.

गोगलगाय जागी झाली. वर बघते तर सावली नाही. नुसतं ऊन. पाठीवरचं घर लागलं तापायला.

गोगलगाय निघाली. सुळुक... सुळुक...

"माळीदादा, माळीदादा, माझं जिरेनियम परत लावा."

माळी म्हणाला, "सावली कशाला हवी? घर तर पाठीवर आहे तुझ्या!"

"घर तापतंय, दादा. घरालाही सावली लागते."

माळ्याने तिन्ही रोपं बघितली. एक ब्राह्मी. एक गुलखैरा. एक जिरेनियम. पण कुठलं कुठलं? तिघांची पानं गोल. तिघांना झालर. फूल नाही, शेंग नाही.

"तिन्ही लावा की."

"आळं एकच उकरलंय. आणि माझी कंबरही एकच आहे. तू कुठलंही दाखवशील, मला खात्री हवी. जिरेनियमला वास असतो. पण माझं नाक चोंदलंय. शेळीने हुंगून सांगितलं, तर लावीन. जा आता. मी दमलोय."

गोगलगाय निघाली. सुळुक... सुळुक...

शेळी पेरूखाली बसली होती.

"शेळीताई, शेळीताई, ऐक ना!
माळी लावेना,
आणि माझं जिरेनियम उन्हात सुकतंय!
तू जरा हुंगशील का?"

शेळी म्हणाली, "बेंऽऽ! घसा सुकलाय माझा. बादलीने पाणी आणलं, तर हुंगीन. जा आता. मी दमलेय."

गोगलगाय निघाली. सुळुक... सुळुक...

बादली विहिरीच्या काठावर पालथी पडली होती.

"बादलीबाई, बादलीबाई, ऐक ना!
शेळी हुंगेना,
माळी लावेना,
आणि माझं जिरेनियम उन्हात सुकतंय!
तू जरा उतरशील का?"

बादली म्हणाली, "खण्ण! कशी उतरू? दोराला गाठ बसलीय. उंदराने गाठ सोडवली, तर उतरेन. जा आता. दिवसभर वरखाली, वरखाली. मी दमलेय."

गोगलगाय निघाली. सुळुक... सुळुक...

उंदीर बिळात होता. नुसती मिशी बाहेर.

"उंदीरमामा, उंदीरमामा, ऐका ना!
बादली उतरेना,
शेळी हुंगेना,
माळी लावेना,
आणि माझं जिरेनियम उन्हात सुकतंय!
तुम्ही जरा बाहेर येता का?"

उंदीर म्हणाला, "चूं! हळू बोल! ती बघ मांजर, दारातच पसरलीय. ती हलली, तर येईन. जा आता. भिऊन भिऊन मी दमलोय."

गोगलगाय निघाली. सुळुक... सुळुक...

मांजर उन्हात आडवी. चारी पाय वर.

"मनीमावशी, मनीमावशी, ऐक ना!
उंदीर येईना,
बादली उतरेना,
शेळी हुंगेना,
माळी लावेना,
आणि माझं जिरेनियम उन्हात सुकतंय!
तू जरा हलशील का?"

मांजरीने एकच डोळा उघडला. "म्यांव. उगाच कोण हलतं? वाऱ्याने सुकटीचा वास आणला, तर हलेन. जा आता. मी दमलेय."

"काय करून दमलीस गं?"

"झोपून."

काय हसताय? झोपूनही दमतं माणूस. माझ्या वयाला या, मग कळेल.

गोगलगाय निघाली. सुळुक... सुळुक... पाठीला चटके बसत होते. पाय ओला होईना. मागे वळून बघितलं, तर जिरेनियमने मान टाकली होती.

वारा कुंपणाला अडकून बसला होता. नुसता लोंबकळत.

"वारेकाका, वारेकाका, ऐका ना!
मांजर हलेना,
उंदीर येईना,
बादली उतरेना,
शेळी हुंगेना,
माळी लावेना,
आणि माझं जिरेनियम उन्हात सुकतंय!
तुम्ही जरा सुकटीचा वास आणता का?"

वारा म्हणाला, "फूऽऽस. सकाळपासून पळतोय. याची पवनचक्की फिरव, त्याची धोतरं वाळव, पोरांचे पतंग उडव. मला कुणी कधी 'बस' म्हणालंय? आता नाही जमायचं. मी दमलोय."

आता पुढे कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. नुसतं कुंपण.

गोगलगाय म्हणाली, "मग बसा."

"कुठे?"

"माझ्या पाठीवर. मी पळत नाही. मला पळताच येत नाही."

वारा बसला. शंखाभोवती गोल गोल फिरला, वेटोळं केलं आणि निजला.

घुं... घुं... घुं...

गोगलगाय तिथेच उभी राहिली. जिरेनियम सुकत होतं. तिला दिसत होतं. तरी ती हलली नाही. "उठा" म्हणाली नाही. दमलेल्याला उठवू नये. आमच्या घरी हे कुणाला कळत नाही.

घुं... घुं... घुं...

वाऱ्याने आळस दिला. "हाऽऽ! बरं वाटलं गं पोरी. काय म्हणत होतीस? सुकट?"

आणि वारा सुटला! सूंऽऽ!

वाऱ्याने स्वयंपाकघरातून सुकटीचा वास आणला.
मांजर टुणकन उठली आणि स्वयंपाकघराकडे पळाली.
उंदीर बाहेर आला. कुट कुट कुट! गाठ सुटली.
बादली विहिरीत उतरली. खडखड, धबुक! भरून वर आली.
शेळी प्याली. गट गट गट!
मग दाढी झटकून उठली आणि चालली रोपांकडे.

पहिलं रोप हुंगलं. सूं सूं. "ही ब्राह्मी." खाऊन टाकली. मच् मच्.

दुसरं हुंगलं. सूं सूं. "हा गुलखैरा." तोही खाल्ला. मच् मच्.

तिसरं हुंगलं. सूं...

"शी! थू! थू! काय हा वास! हे मी मेले तरी खाणार नाही. हेच तुझं जिरेनियम. घेऊन जा बाई!"

माळ्याने जिरेनियम उचललं. आळ्यात ठेवलं. माती लोटली. थप् थप् थप्. वर बादलीतलं उरलेलं पाणी ओतलं.

पानं हळूच वर आली. एक. मग दुसरं. मग सगळी. खाली गोल गोल गार सावली पडली.

गोगलगाय सावलीत शिरली. पण घरात गेली नाही. दोन्ही शिंगं वर करून माळ्याकडे बघत राहिली.

माळ्याने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. डोकं खाजवलं.

"अजून काय हवं?"

गोगलगायीने शिंगं आणखी वर केली. बघत राहिली.

माळ्याने खुरपं खाली ठेवलं. गुडघे टेकले. कंबर कटकट वाजली.

"चुकलो बाई. न बघता उपटलं. तुझं रोप तण नव्हतं."

"बरं," गोगलगाय म्हणाली, आणि घरात जाऊन झोपली.

पुढे जिरेनियमला जांभळी फुलं आली. फुलं गळली, तेव्हा शेंगा आल्या, बगळ्याच्या चोचीसारख्या. चोच दिसली की ओळखायचं. चोच नसेल तर पान चुरगाळून हुंगायचं. नाक चोंदलं असेल तर शेळीला विचारायचं. पण न बघता उपटायचं नाही.

संपली गोष्ट. मिटा डोळे.

माळ्याला म्हणता आलं "चुकलो". गुडघे टेकून म्हणाला. आमच्या कुंपणापलीकडच्या रघुवीर काट्यांना अजून येत नाही. माझं जिरेनियम तण म्हणून उपटलं आणि वर मलाच म्हणाले, "साफ करून दिलं हो!" रोज फाटकावरून जातात. मी बघतो त्यांच्याकडे. ते बघतात आभाळाकडे.

नाव लक्षात ठेवा, पोरांनो. रघुवीर काटे.