तसबिरीचा फुगा

आमच्या संस्थेचे संचालक देवस्थळी कुणाचं ऐकून घेतील तर शपथ! भर बैठकीत त्यांनी मृदुला तांबटला फटकारलं, "प्लास्टिकमध्ये हायड्रोजन कोंडताय? दोन दिवसांत गळून जाईल. प्रकल्प बंद!"

मृदुला मात्र त्यांच्या डोक्यावर तरंगणाऱ्या पिवळ्या फुग्याकडे डोळे फाडून बघत होती. "सर, हा कुठून आणलात?"

"तुमच्याच प्रयोगशाळेतून. तुम्ही रजेवर होतात, मग मीच आणून गणपतीच्या तसबिरीला बांधला. महिना झाला, अजून टम्म आहे!"

"आणि खाली रोज उदबत्ती लावता?"

"न चुकता."

"सर, तो माझ्याच प्लास्टिकचा आहे. आत हायड्रोजन आहे."

आमच्या खुर्च्या एकदम मागे सरकल्या. देवस्थळी पांढरेफटक पडले. "अहो, पण गळला असता तर?"

"तर प्रकल्प बंद करायला आज तुम्ही नसता, सर."