तिसरा खिळा

हं, आत जायच्या आधी मनगटं मोकळी करा. घड्याळ इथं, दाराबाहेरच्या या फळीवर टांगायचं. आठ खिळे आहेत, तिसरा सोडून कुठलाही घ्या. मोबाईल खिशात राहू द्या. हसू नका हो, मोठमोठे प्रोफेसर इथं मुकाट घड्याळ काढतात.

ही दगडी खोली म्हणजे आमच्या सड्यावरची, या डोंगरमाथ्याच्या पठारावरची, पहिली प्रयोगशाळा. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. अणूच्या पोटात काय आहे ते शोधणारी चार माणसं इथं येऊन राहिली, त्यांत हेमलता गुर्जर नावाच्या बाई होत्या. त्यांच्या टेबलावर काचेची एक नळी असायची. आकाशातून न दिसणारे किरण येतात म्हणे. एकेक किरण नळीतून गेला, की शेजारच्या पेटीत टक् असा आवाज व्हायचा. बाई तासन्‌तास ते मोजायच्या. मिनिटाला बावीस, फार तर तेवीस.

दर गुरुवारी पुण्याहून अच्युत रेगे यायचे, पेटीतले व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे दिवे, तपासायला. माणूस अबोल. आणि असं सांगतात, की नेमका गुरुवारीच आकडा चाळिसावर जायचा. बाई वहीत लिहायच्या, 'आकडा वाढला. कारण माहीत नाही.' मग मोजायला सोबत हवी म्हणून त्या रेग्यांना संध्याकाळपर्यंत थांबवून घेऊ लागल्या. बाईंनी नळी बदलली, तारा बदलल्या. शेजारी बसलेल्या माणसाचा संशय काही आला नाही. चार महिन्यांनी त्यांची खात्री पटली, की आकाशातलं काहीतरी नवीन हाती लागलंय. विलायतेच्या मासिकाला निबंध गेला. बाईंचं नाव जगात होणार म्हणून आमच्या गावानं पेढे वाटले.

पुढच्या गुरुवारी रेगे दारातच थांबले. ही फळी तेव्हा छत्र्यांसाठी होती. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून तिसऱ्या खिळ्याला टांगलं आणि आत येऊन बसले. आकडा आला बावीस. अंधारात दिसावं म्हणून त्या घड्याळाच्या तबकडीला रेडियम लावलेलं होतं, आणि नळी इतके दिवस तेच मोजत होती.

"केव्हा कळलं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"तीन आठवडे झाले."

"मग बोलला का नाहीत?"

रेगे म्हणाले, "बोललो असतो तर गुरुवारी इथं बसायचं कारण संपलं असतं."

बाईंनी कागद पुढं ओढला. निबंध मागं घेतल्याची तार लिहिली आणि खाली तारऑफिसात द्या म्हणून त्यांच्याच हातात ठेवली. रेगे घड्याळ घालून उतरले ते पुन्हा आले नाहीत. दूर दक्षिणेत बदली मागून घेतली म्हणे. दुसऱ्याच दिवशी बाईंनी नियम केला, घड्याळं बाहेर. पण तिसरा खिळा कुणाला वापरू दिला नाही.

मला विचाराल तर बाईंचा राग एक पावसाळाभर टिकला असेल. पुढं एकवीस वर्षं दर गुरुवारी त्या एकट्या संध्याकाळपर्यंत मोजत बसायच्या. माझे वडील इथं पहारेकरी होते, त्यांनी पाहिलंय. एकदा त्यांच्याजवळ बोलून गेल्या, "मी एक पत्र टाकायला हवं होतं हो." पण टाकलं नाही ते नाहीच.

मग एका गुरुवारी एक पार्सल आलं. रेगे वारले होते, आणि त्यांच्या बहिणीनं ते घड्याळ बाईंच्या नावानं पाठवलं होतं. काटे थांबलेले, चमकही केव्हाच गेलेली. बाईंनी ते खिळ्याला लावलं नाही. स्वतःचाच नियम मोडून आत नेलं, नळीशेजारी ठेवलं आणि बसल्या. चमक विझते, पण रेडियम शेकडो वर्षं राहतं. पेटी टकटकू लागली आणि आकडा चाळिसावर गेला. त्या दिवशी बाई कितीतरी वेळ रडत होत्या असं वडील सांगायचे. महिन्याभरात काम सोडून त्या घड्याळ घेऊन खाली उतरल्या.

आजही तिसरा खिळा मोकळाच असतो, आणि बाईंची वही आत शेवटच्या पानावर उघडी आहे. या, वाचा. 'गुरुवार. आकडा वाढला. कारण माहीत आहे.'