अनसाईनं साचा शोधला

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका. माझ्या आजीलाही ठाऊक नव्हतं, आणि ती काही थापा मारायला मागेपुढे बघणारी नव्हती.

तेव्हा आपल्याकडे ठासणीच्या बंदुका होत्या. नळीत आधी दारू ठासायची, वर शिशाची गोळी. गोळी विकत मिळत नसे, घरीच साच्यात ओतावी लागे. आणि प्रत्येक नळी वेगळी, म्हणून प्रत्येक बंदुकीचा साचाही वेगळा. पायताणासारखंच की! एकाचं दुसऱ्याला होत नाही.

खाडीच्या अल्याड केळंबे, पल्याड माडवाडी. केळंब्यात धाकू राहायचा, त्याची बायको अनसू, धाकटा भाऊ राघो. धाकू मनानं मोठा. कोणी मागावं आणि यानं द्यावं. अनसू म्हणायची, "एक दिवस मलाही देऊन याल कुणाला तरी!" तो नुसता हसायचा.

त्या वर्षी रानडुकरांनी भातं उलथीपालथी केली. दोन्ही गावांनी मिळून डुकरं उठवायला हाकारा घातला. झाडीत बार उडाले, आणि धाकू पडला. गोळी खांद्याखाली शिरली होती. वैदूनं ती काढली, पण ताप काही उतरेना. धाकू ना डोळे उघडी, ना बोले. अनसूनं त्याच्यावर सासऱ्याची जुनी घोंगडी घातली. तिचा एक कोपरा कापलेला होता. का, ते सासऱ्यानं कधी सांगितलं नव्हतं. तिथं अनसूनंच नवी नवरी असताना हिरवं ठिगळ लावलं होतं.

गोळीवर एक बारीक खूण होती, तिळाच्या फुलासारखी. गावात कोणालाच ती ओळखू येईना. राघो पेटला. "ही माडवाडीचीच! बांधावरून भांडतात ना, त्यांनीच दादाला टिपलं. मी एकेकाला लोळवतो!" तो अंगणात दारू वाळवायला बसला.

अनसूला धडकी भरली. नवरा असा खाटेवर, आणि दीर फासावर चढायला निघालेला. ती म्हणाली, "भावोजी, गोळीलाही आईबाप असतात. साचा कोणी घडवला ते मी शोधून काढते. तो सांगेल कुणासाठी घडवला. तोवर बार काढाल तर माझी शपथ आहे."

"नव्याच्या पुनवेपर्यंत, नवं भात घरात येईपर्यंत थांबतो, वहिनी," राघो म्हणाला. "त्यापुढे नाही."

सासूच्या हाती नवरा सोपवून अनसू निघाली. मुठीत गोळी, पदराला भाकर. गावं पालथी घालून तिनं साचे घडवणारे ओतारी गाठले. जो तो गोळी बघे आणि मान हलवी. असं म्हणतात, वाट चुकली की गोळी मुठीत गार पडायची आणि बरोबर लागली की ऊबदार व्हायची. मी नाही म्हणत हो, माणसं म्हणतात. असंही म्हणतात, की घाट चढताना वाघ आडवा आला. ती त्याला म्हणाली, "बाजूला हो रे बाबा, मला घाई आहे." आणि तो झाला! होणार नाही तर काय करेल?

घाटावर म्हादू ओतारी भेटला. म्हातारा, डोळे गेलेले. त्यानं गोळीवरून अंगठा फिरवला आणि हसला. "बाय, ही माझीच खूण. ये, बस."

म्हादूची एक रीत होती. साच्यातली पहिली गोळी तो बंदुकीला देत नसे, स्वतःकडे ठेवी. ज्याचा साचा, त्याच्याच अंगावरच्या कापडाची चिंधी कापून तिच्यात बांधी. पहिली गोळी कोणाचा जीव घेऊ नये, एवढीच त्याची इच्छा. त्यानं असल्या गोळ्यांचं मडकं पुढ्यात ओतलं, गोळ्या चाचपत गेला आणि एक पुरचुंडी अनसूच्या हातावर ठेवली. "हिची जुळी बहीण. बघ, ओळखतेस का कापड."

अनसूनं पाहिलं आणि चिंधी डोळ्यांजवळ नेली. घोंगडीचा कोपरा! तोच काळा रंग, तीच पांढरी किनार.

"आजोबा, हा तर आमच्याच घरचा साचा. मग ह्यांना मारलं कोणी?"

"साचा कुणाला उसना दिला होता का?" म्हातारा म्हणाला. "दुसऱ्याच्या नळीत ही गोळी सैल बसेल. सैल गोळी नेमाला जात नाही, पोरी. नेम एकीकडे, गोळी भलतीकडे."

अनसूला हसू आलं आणि रडूही आलं. सासऱ्यामागं तो साचा घरच्या कोनाड्यात नुसता पडून असायचा, त्यात कोणी गोळीच ओतली नव्हती. उसना दिला होता का म्हणे! धाकूच तो!

ती परतली तेव्हा पुनवेचा सूर्य कलला होता. राघो माणसं घेऊन खाडीकाठी उभा, समोर माडवाडीची माणसं. भरती चढत होती, पण असं म्हणतात, अनसू पाण्यात शिरली आणि खाडीनं तिला मधोमध वाट दिली. तिथं उभी राहून ती ओरडली, "आमचा साचा कोणाकडे आहे?"

माडवाडीच्या गर्दीतून बाळकू पाण्यात उतरून पुढं आला. धाकूचा जिवलग. हातात साचा, डोळ्यांतून धारा. "वहिनी, माझा मोडला म्हणून त्यानंच दिला. डुकरावर नेम धरला होता गं. भ्यालो, म्हणून बोललो नाही. आता काय करायचं ते करा."

राघोची बंदूक खाली आली. "घरचीच गोळी," तो पुटपुटला. "आता मारू कोणाला?" आणि गुडघाभर पाण्यात जाऊन त्यानं बाळकूला मिठी मारली.

त्याच सांजेला धाकूचा ताप उतरला. डोळे उघडून पहिलं काय बोलला असेल? "अनसू, बाळकूनं साचा परत केला का?" त्या बाईनं कपाळावर हात मारला आणि त्याच्या छातीवर डोकं ठेवून पोटभर रडली.

आता बंदुका गेल्या. पण नव्याच्या पुनवेला दोन्ही गावं अजून खाडीकाठी जमतात आणि त्या साच्यात जाळ्यांना लावायचं शिसं ओततात. अनसूला आता अनसाई म्हणतात; पहिली गोळी तिच्या नावाच्या दगडापाशी ठेवतात, अल्याड-पल्याडच्या दोन चिंध्यांत मिळून बांधलेली. आणि एरवीही, कोणी तावातावानं भांडायला उठला, की म्हातारी माणसं त्याचा हात धरतात. "जा बाबा, पण आधी अनसाईचं नाव घे आणि घरचा कोनाडा बघून ये, गोळी आपल्याच घरची तर नाही ना." तो घरी जातो, रिकाम्या कोनाड्यात हात घालतो. बहुतेक जण भांडायला परत येतच नाहीत.